नवे ग्राफिक्स कार्ड जुन्या संगणकाला चालेल का?

मराठवाड्यातील शाळांमध्ये संगणक आले, त्याला आता बराच काळ लोटला. २००१ साली एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला. २००४ साली केंद्र सरकारची शाळांसाठीची माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान योजना आली. त्यानंतरच्या वर्षांत कुठे शासनाकडून, कुठे माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून, तर कुठे गावातल्या लोकवर्गणीतून संगणक-कक्ष उभे राहिले. आज नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील अनेक शाळांत जे संगणक दिसतात, ते दहा-बारा वर्षांपूर्वीचे आहेत. ते बंद पडलेले नाहीत, पण नवी कामे त्यांना झेपत नाहीत. स्टेलॅरियममध्ये आकाश फिरवताना चित्र अडखळते. ब्लेंडरमध्ये साधी त्रिमित आकृती वळवायची तरी वाट पाहावी लागते. शाळेच्या कार्यक्रमाची चित्रफीत संकलित करायला संध्याकाळ पुरत नाही.

अशा वेळी कोणीतरी सुचवते, "एक ग्राफिक्स कार्ड टाका, संगणक नवा होईल." मग शिक्षक आम्हाला दोन प्रश्न विचारतात. आमच्या मदरबोर्डला कोणते कार्ड चालेल? आणि त्यासाठी प्रोसेसर बदलावा लागेल का? प्रश्न व्यवहाराचा आहे. शाळेच्या तुटपुंज्या निधीतून घेतलेले कार्ड बसलेच नाही, किंवा बसूनही फरक पडला नाही, तर तो पैसा पुन्हा उभा राहत नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वीच या प्रश्नांची उत्तरे आपली आपल्याला काढता यावीत, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. उत्तरे काढण्यासाठी लागणारे गणित आठवी-नववीच्या पलीकडचे नाही.

ग्राफिक्स कार्ड नेमके काय करते?

संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे लहान लहान चित्रबिंदूंचे बनलेले असते. आज सर्रास वापरात असलेल्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू झाले. हलते चित्र सफाईदार दिसायचे तर ते सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावे लागते. याचा अर्थ दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख बिंदूंचे रंग ठरवायचे. प्रत्येक बिंदूसाठीची आकडेमोड सोपी असते आणि जवळजवळ सारखीच असते. अडचण असते ती संख्येची.

दहावीच्या उत्तरपत्रिकांची तपासणी आठवून पाहा. एका विषयाच्या लाखो उत्तरपत्रिका एकच तज्ज्ञ तपासत बसला, तर निकाल कधी लागायचाच नाही. म्हणून आदर्श उत्तरे एकदा ठरवून गठ्ठे शेकडो परीक्षकांकडे दिले जातात आणि सगळे एकाच वेळी काम करतात. संगणकातला प्रोसेसर हा मुख्य नियामकासारखा आहे. तो हुशार असतो, वेगवेगळ्या प्रकारचे निर्णय घेतो, पण त्याच्याजवळ हात थोडे असतात. ग्राफिक्स कार्डावर शेकडो ते हजारो छोटे गणक असतात. ते परीक्षकांसारखे एकच नियम असंख्य बिंदूंना एकाच वेळी लावतात. यालाच समांतर प्रक्रिया म्हणतात.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तयार केलेला 'परम ८०००' हा महासंगणक अनेक प्रोसेसरांमध्ये काम वाटून देण्याच्या तत्त्वावरच उभा होता. नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरींची 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अशा वेधशाळेच्या नोंदी असंख्य गणिती नमुन्यांशी ताडून पाहाव्या लागतात. तेथेही हेच समांतर गणन उपयोगी पडते. आपल्या शाळेतले कार्ड हे त्याच कुळातले धाकटे भावंड आहे.

सोळा रस्ते

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यात माहितीची सतत ये-जा चालते. ती मदरबोर्डवरून होते. मदरबोर्ड म्हणजे संगणकाच्या कॅबिनेटमधली मोठी सपाट पट्टी. तिच्यावर प्रोसेसरचे सॉकेट, मेमरीच्या खाचा आणि इतर कार्डांसाठीचे स्लॉट असतात.

१९९० च्या दशकात ग्राफिक्स कार्ड पीसीआय नावाच्या स्लॉटमध्ये बसत असे. त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त १३३ मेगाबाइट माहिती जाई आणि हा रस्ता इतर कार्डांबरोबर वाटून घ्यावा लागे. १९९७ च्या सुमारास केवळ ग्राफिक्ससाठी एजीपी हा स्वतंत्र स्लॉट आला. २००३ साली पीसीआय एक्सप्रेसचे पहिले मानक ठरले, आणि आज ग्राफिक्स कार्डासाठी तोच स्लॉट वापरात आहे. तेव्हा पहिली तपासणी अगदी सोपी. कॅबिनेट उघडा आणि प्रोसेसरच्या जवळचा लांब स्लॉट पाहा. संगणक २००६-०७ नंतरचा असेल, तर तो बहुधा पीसीआय एक्सप्रेसच असतो. मात्र अगदी छोट्या आकाराच्या काही संगणकांत असा स्लॉट नसतोच. तसे असेल तर विचार तेथेच थांबवावा.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये माहिती मार्गिकांमधून धावते. लांब स्लॉटमध्ये १६ मार्गिकांची सोय असते. लातूरच्या वाचकांना ही संख्या लक्षात ठेवायला सोपी आहे, कारण त्यांच्या गंजगोलाईलाही १६ रस्ते येऊन मिळतात. प्रोसेसर म्हणजे गोलाई आणि तिच्यातून निघणारे रस्ते म्हणजे मार्गिका, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. उपमा पुढे मात्र ताणू नये. गोलाईचे रस्ते सोळा दिशांना जातात. ग्राफिक्स स्लॉटच्या सोळाही मार्गिका एकाच ठिकाणी, कार्डाकडे, जातात.

प्रत्येक मार्गिकेची क्षमता तिच्या पिढीवर ठरते. एका दिशेने, एका मार्गिकेतून, दर सेकंदाला जाणारी माहिती अशी:

पहिली पिढी (मानक २००३): २५० मेगाबाइट
दुसरी पिढी (२००७): ५०० मेगाबाइट
तिसरी पिढी (२०१०): सुमारे ९८५ मेगाबाइट
चौथी पिढी (२०१७): सुमारे १९७० मेगाबाइट
पाचवी पिढी (२०१९): सुमारे ३९४० मेगाबाइट

दर पिढीला क्षमता दुप्पट होत गेली, हे विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येईल. या मानकाचा मोठा गुण असा, की जुन्या व नव्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात. चौथ्या पिढीचे कार्ड दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसते आणि चालते. संगणक सुरू होताना दोन्ही बाजू आपापली क्षमता एकमेकींना कळवतात आणि दोघींना जमेल तो सर्वांत वरचा वेग ठरवतात. म्हणून 'कार्ड नव्या पिढीचे आहे, जुन्या बोर्डवर बसणार नाही' हा समज बरोबर नाही.

सर्वांत धीमा तो खरा

येथे एक बारकावा आहे. वेग ठरतो तो तिघांमध्ये जो सर्वांत मागे असेल त्याच्यावर. हे तिघे म्हणजे कार्ड, मदरबोर्ड आणि प्रोसेसर. प्रोसेसर यात कसा आला? अलीकडच्या संगणकांत ग्राफिक्स स्लॉटच्या मार्गिका थेट प्रोसेसरमधूनच निघतात. म्हणून एएमडीच्या बी५५० चिपसेटच्या बोर्डवर रायझन ५ ५६००एक्स बसवला, तर कार्डाला चौथ्या पिढीचा वेग मिळतो. त्याच बोर्डवर रायझन ५ ५६००जी बसवला, तर तिसऱ्या पिढीचा. बोर्ड तोच, स्लॉट तोच, पण रस्ता वेगळा.

उलटही घडते. इंटेलच्या २०१३ साली आलेल्या चौथ्या पिढीच्या कोअर आय-५ प्रोसेसरमध्ये तिसऱ्या पिढीच्या १६ मार्गिका आहेत. परंतु तोच प्रोसेसर एच८१ या स्वस्त चिपसेटच्या बोर्डवर असेल, तर ग्राफिक्स स्लॉट दुसऱ्या पिढीच्याच वेगाने चालतो. (प्रोसेसरची पिढी आणि पीसीआय एक्सप्रेसची पिढी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये.)

आता दुसरा बारकावा. कार्ड दिसायला लांब असले, तरी ते सर्व १६ मार्गिका वापरतेच असे नाही. जीटीएक्स १६५० हे कार्ड १६ वापरते, आरटीएक्स ४०६० हे ८ वापरते आणि आरएक्स ६५००एक्सटी हे केवळ ४. वरच्या एच८१ बोर्डवर यांचे काय होईल ते काढून पाहू.

जीटीएक्स १६५०: १६ × ५०० = ८००० मेगाबाइट
आरटीएक्स ४०६०: ८ × ५०० = ४००० मेगाबाइट
आरएक्स ६५००एक्सटी: ४ × ५०० = २००० मेगाबाइट

शेवटचे कार्ड चौथ्या पिढीच्या बोर्डवर सेकंदाला सुमारे ७९०० मेगाबाइट माहिती आणू शकले असते. येथे त्याचा रस्ता जवळजवळ चौथ्या हिश्शावर आला. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावेल एवढेच काम असेल, तर हे फारसे जाणवत नाही, कारण एकदा माहिती आत आली की कार्डाचे काम आतल्या आत चालते. मेमरी अपुरी पडली की मात्र माहिती या अरुंद रस्त्यावरून सारखी आणावी लागते आणि चित्र अडखळू लागते. या कार्डाची मेमरी सहसा ४ गिगाबाइटच असते, म्हणून जुन्या बोर्डवर ते घेताना विशेष विचार करावा. थोडक्यात, जुना बोर्ड असेल तर मार्गिकांची संख्या जास्त असलेले कार्ड बरे.

काही बोर्डांवर दोन लांब स्लॉट असतात. खालच्या स्लॉटची खाच लांब असली, तरी आत पुष्कळदा चारच मार्गिका जोडलेल्या असतात. कार्ड नेहमी प्रोसेसरजवळच्या वरच्या स्लॉटमध्ये बसवावे.

प्रोसेसर बदलावा लागेल का?

'अमुक कार्डाला तमुक प्रोसेसर लागतोच' असे बंधन सहसा नसते. दोघांमध्ये प्रश्न येतो तो जोडीने काम करण्याचा. हे एका उदाहरणाने पाहू.

हलत्या दृश्यात प्रत्येक चित्रासाठी दोन टप्पे असतात. प्रोसेसर आधी ठरवतो, की कोणती वस्तू कोठे आहे आणि काय काढायचे आहे. मग कार्ड ते प्रत्यक्ष काढते. कार्ड एक चित्र काढत असताना प्रोसेसर पुढच्या चित्राची तयारी करतो. समजा, प्रोसेसरला एका चित्रामागे २० मिलिसेकंद लागतात आणि जुन्या कार्डाला ४० मिलिसेकंद. प्रोसेसर सेकंदाला ५० चित्रांची तयारी करू शकतो. कार्ड काढते २५. पडद्यावर २५ चित्रेच दिसतील.

आता आपण चौपट वेगाचे कार्ड आणले. ते एक चित्र १० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला १०० चित्रे काढू शकते. पण प्रोसेसर तर ५० चित्रांचीच तयारी करून देतो. पडद्यावर दिसतील ५०. आपण पैसे मोजले चौपट वेगाचे, मिळाला दुप्पट. उरलेला वेळ कार्ड रिकामे बसेल. परीक्षक दुप्पट केले, पण गठ्ठे वाटणारा एकच राहिला, तर निकाल दुप्पट लवकर लागत नाही, तसेच हे.

म्हणून आधी हे पाहायचे, की आज अडसर कोणाचा आहे. विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकात टास्क मॅनेजर उघडून आपले नेहमीचे काम चालू ठेवा आणि प्रोसेसर व ग्राफिक्सचे आकडे पाहा. ग्राफिक्सचा आकडा ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल, तर अडसर ग्राफिक्सचा आहे. नवे कार्ड उपयोगी पडेल. तो ५०-६० टक्क्यांवरच असून काम अडखळत असेल, तर दोष अन्यत्र आहे. प्रोसेसरचा आकडा पाहताना एक सावधगिरी हवी. चार गाभे असलेल्या प्रोसेसरचा एकच गाभा पूर्ण गुंतला असेल, तर एकूण आकडा २५ टक्के दिसतो आणि प्रोसेसर मोकळा आहे असा भास होतो. त्यासाठी गाभ्यांचे आलेख वेगवेगळे करून पाहावेत.

आणखी एक सोपा प्रयोग आहे. तेच दृश्य कमी चित्रबिंदूंवर, म्हणजे १२८० × ७२० वर, चालवून पाहा. बिंदू निम्म्याहून कमी झाल्यामुळे ग्राफिक्सचे काम घटते, प्रोसेसरचे जवळपास तेवढेच राहते. वेग वाढला तर अडसर ग्राफिक्सचा. न वाढला तर बहुधा प्रोसेसरचा. विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगा हा प्रयोग आहे, कारण एक घटक बदलायचा आणि बाकीचे स्थिर ठेवायचे, ही विज्ञानाची पद्धत त्यात आपोआप येते.

सॉकेटची साखळी

प्रोसेसरच कमी पडतो असे ठरले, तर तो बदलता येईल का? येथे मदरबोर्डचा संबंध खऱ्या अर्थाने येतो, आणि येथेच खर्च फुगतो. प्रत्येक प्रोसेसरचे सॉकेट ठरलेले असते. इंटेलच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीला ११५५ टोकांचे, चौथ्या पिढीला ११५०, सहाव्या ते नवव्या पिढीला ११५१, दहाव्या-अकराव्या पिढीला १२०० आणि बाराव्या ते चौदाव्या पिढीला १७०० टोकांचे सॉकेट लागते.

आकडा जुळला म्हणजे काम झाले, असेही नाही. आठव्या पिढीचे प्रोसेसर २०१७ साली आले, तेव्हा सॉकेटचे नाव ११५१ हेच राहिले. परंतु सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डवर ते चालत नाहीत. त्यांना ३०० मालिकेतला चिपसेट लागतो. म्हणून प्रोसेसर घेण्यापूर्वी आपल्या बोर्डचे नाव व क्रमांक पाहून, उत्पादकाने दिलेल्या यादीत तो प्रोसेसर आहे का, आणि त्यासाठी बायोसची कोणती आवृत्ती लागते, हे तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

बोर्ड बदलावा लागला, तर मेमरीही बहुधा बदलावी लागते. चौथ्या पिढीपर्यंतच्या संगणकांत डीडीआर३ मेमरी होती. पुढे डीडीआर४ आणि डीडीआर५ आली. त्यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही. एक कार्ड घ्यायला निघालेली शाळा अशा रीतीने प्रोसेसर, बोर्ड आणि मेमरी असे तिन्ही घेऊन परत येते. तेवढ्या पैशात वेगळा संगणक आला असता का, याचा हिशेब आधीच मांडावा. सॉकेटात बसणारा त्याच पिढीतला वरचा प्रोसेसर जुन्या बाजारात मिळत असेल, तर मात्र साखळी तुटते आणि खर्च आटोक्यात राहतो.

वीज पुरेल का?

दुकानात ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो वीजपुरवठ्याचा डबा ही पुढची परीक्षा. ग्राफिक्स स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात. त्याहून अधिक लागत असतील, तर एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. सहा टोकांच्या जोडणीतून ७५ आणि आठ टोकांच्या जोडणीतून १५० वॅट घेता येतात. जीटीएक्स १६५० ची बरीचशी कार्डे ७५ वॅटांत भागवतात आणि त्यांना वेगळी वायर लागत नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, म्हणून तिला वायर हवी.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' लिहिलेले असते, पण आपण पाहायचा तो आकडा बारीक अक्षरांत असतो: १२ व्होल्टच्या ओळीवर किती अँपिअर. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः याच ओळीवर जगतात. नववी-दहावीचे सूत्र लावू. शक्ती = विभवांतर × विद्युतधारा. ११५ वॅटच्या कार्डाला ११५ ÷ १२, म्हणजे सुमारे ९.६ अँपिअर, ८४ वॅटच्या प्रोसेसरला ७ अँपिअर. दोघांचे मिळून १६.६ झाले. त्यावर पंखे व हार्ड डिस्क. ओळीवर १६ किंवा १८ अँपिअरच लिहिलेले असतील, तर डब्यावरचा ४५० चा आकडा आपल्या कामाचा नाही. काही ब्रँडेड संगणकांत एसएमपीएसचा आकार व जोडण्या खास त्या कंपनीच्या असतात. तेथे बाजारातला एसएमपीएस बसत नाही, हेही आधी पाहावे.

आपल्याकडे यूपीएसचाही विचार करावा लागतो. ६०० व्हीए लिहिलेला साधा यूपीएस पुष्कळदा ३६० वॅटांचाच भार पेलतो. प्रोसेसर ८४, कार्ड ११५ आणि इतर भाग ५० धरले, तर २४९ वॅट झाले. एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर तो भिंतीतून २४९ ÷ ०.८, म्हणजे सुमारे ३११ वॅट ओढेल. मॉनिटरचे २५ मिळवा; झाले ३३६. यूपीएस अगदी काठावर आला. वीज गेल्यावर काम जतन करायला पूर्वी दहा मिनिटे मिळत असतील, तर आता त्याहून बरीच कमी मिळतील.

मराठवाड्याचा उन्हाळा

कार्डात शिरलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत बदलते. पंखा ती उष्णता खोलीतल्या हवेत टाकतो. ठरावीक काम करताना कार्डाचे तापमान हवेच्या तापमानापेक्षा साधारण ठरावीक अंशांनी वर राहते. समजा हा फरक ४५ अंशांचा आहे. जानेवारीत खोली २५ अंश सेल्सिअस असेल, तर कार्ड ७० वर राहील. मे महिन्यात नांदेडला पारा ४२ वर गेला आणि पत्र्याच्या छताखालच्या कक्षातही तेवढेच तापमान असले, तर तेच कार्ड ८७ वर जाईल. बहुतेक कार्डे ८५-९० अंशांच्या आसपास स्वतःच आपला वेग कमी करतात. हिवाळ्यात चाचणी घेऊन समाधानकारक वाटलेले कार्ड उन्हाळ्यात मंद झाले, तर त्यात दोष असतोच असे नाही.

यावर उपाय साधे आहेत. कॅबिनेटची मागची बाजू भिंतीला चिकटवू नये. हवा आत घेणारा एक आणि बाहेर टाकणारा एक असे दोन पंखे असावेत. काळ्या मातीची धूळ दर दोन-तीन महिन्यांनी ब्रशने व हवेच्या झोताने काढावी. मात्र त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. कमी वॅटचे कार्ड निवडणे हा तर सर्वांत स्वस्त उपाय.

लहान वाटणाऱ्या अडचणी

शाळांमधले जुने मॉनिटर पुष्कळदा निळ्या टोकाच्या व्हीजीए वायरचे असतात. नव्या कार्डांवर व्हीजीए नसतेच. एचडीएमआयमधून व्हीजीए करणारे छोटे रूपांतरक यंत्र मिळते; ते यादीत आधीच लिहून ठेवावे. कार्डाची लांबी-रुंदी मोजावी, कारण निमुळत्या कॅबिनेटमध्ये कमी उंचीचेच कार्ड बसते. सुमारे २०१२ पूर्वीच्या बोर्डांवर जुन्या पद्धतीचे बायोस असते आणि काही नवी कार्डे यूईएफआय नसेल तर चित्रच दाखवत नाहीत. इंटेलची आर्क मालिकेतली कार्डे पूर्ण वेगाने चालण्यासाठी बोर्डमध्ये 'रिसायझेबल बार' ही सोय हवी, आणि जुन्या बोर्डांत ती नसते.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असेल, उदाहरणार्थ आय-५ ९४००एफ, तर त्यात अंगचे ग्राफिक्स नसते. कार्ड बिघडले, तर असा संगणक पडदाच उजळत नाही. शाळेसाठी अंगचे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर बरा. कार्ड दुरुस्तीला गेले तरी वर्ग अडत नाही.

आधी काम, मग कार्ड

शेवटी मूळ प्रश्न: कार्ड हवे कशासाठी? लातूर व नांदेड परिसरात स्पर्धा परीक्षांचा सराव हा मोठा विषय आहे. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा आता संगणकावर होतात. त्यांच्या सराव चाचण्यांना ग्राफिक्स कार्डाची काहीही गरज नाही. लिखाण, तक्ते, इंटरनेट, साधे जिओजेब्रा यांनाही नाही. असा संगणक मंद असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी आणि मेमरी ८ गिगाबाइट करावी. कार्डाच्या किमतीत असे दोन-तीन संगणक सुधारण्याची शक्यता असते. स्टेलॅरियम, ब्लेंडर, चित्रफीत संकलन किंवा यंत्र-शिक्षणाचे प्रयोग करायचे असतील, तर मात्र कार्डाचा उपयोग आहे, आणि तेही कक्षातल्या एका-दोन संगणकांना पुरेसे होते.

कार्यप्रणालीचाही विचार करावा. विंडोज १० ची नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीच्या संगणकात महागडे कार्ड टाकण्यापूर्वी पुढे त्यावर काय चालवणार, हे ठरवायला हवे. उबुंटू किंवा सी-डॅकची बॉस ही लिनक्स प्रणाली वापरण्याची तयारी असेल, तर हा अडथळा राहत नाही.

खरेदीपूर्वीची यादी फळ्यावर अशी लिहिता येईल:

१. आजचा अडसर ग्राफिक्सचाच आहे, हे मोजून पाहिले का?
२. बोर्ड व प्रोसेसर यांचे नाव-क्रमांक, आणि स्लॉटची पिढी कोणती?
३. कार्ड किती मार्गिका वापरते? त्यांचा गुणाकार किती?
४. १२ व्होल्टच्या ओळीवर किती अँपिअर? जादा वायर आहे का?
५. यूपीएसवरचा एकूण भार किती?
६. कॅबिनेटमध्ये जागा किती? मॉनिटरची वायर कोणती?
७. बायोस, कार्यप्रणाली आणि कार्ड यांची जुळणी पाहिली का?

ही सात उत्तरे काढण्याचे काम नववी-दहावीच्या चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाला द्यावे. वीज बंद करून, प्लग काढून, शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यांनी कॅबिनेट उघडावे, आकडे उतरवून घ्यावेत आणि हिशेब मांडावा. अँपिअर आणि वॅट हे शब्द पुस्तकातून उतरून एसएमपीएसच्या डब्यावर आलेले त्यांना दिसतील. त्या कागदाच्या आधारे दुकानदाराशी बोलणे सोपे जाते. कधीकधी तोच कागद सांगेल, की यंदा कार्ड नको, एसएसडी घ्या. शाळेच्या दृष्टीने तोही तितकाच मोलाचा निष्कर्ष आहे.